परक्या मुलखाचे ऋण

व्योमकेश बक्षी हे नाव महाराष्ट्रातील बहुतेक घरांत १९९३ साली दूरदर्शनच्या वाटेने शिरले. बासू चटर्जी यांची ती मालिका आणि रजित कपूर यांनी साकारलेला धोतर नेसणारा, शांत नजरेचा व्योमकेश आज चाळिशी ओलांडलेल्या पिढीला सहज आठवतो. कोलकात्याच्या गल्लीबोळांत गुन्ह्याचा माग काढणारा हा तरुण मराठी प्रेक्षकाला आवडला. परंतु ज्यांच्या लेखणीतून तो उतरला, ते शरदिंदू बंद्योपाध्याय आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे पुण्याचे रहिवासी होते, ही गोष्ट खुद्द पुणेकरांतही फार थोड्यांना ठाऊक असते. व्योमकेशच्या उत्तरकाळातील अनेक कथा कोलकात्यात घडतात, पण त्या लिहिल्या गेल्या मुळा-मुठेच्या काठच्या या गावात.

शरदिंदूंचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे कोलकात्याजवळच्या बरानगरचे, परंतु वडील बिहारमधील मुंगेर येथे वकिली करीत. म्हणजे या बंगाली लेखकाचे बालपणच मुळी बंगालबाहेर गेले. घरात बंगाली आणि दाराबाहेर हिंदी, अशा दुहेरी वातावरणात तो वाढला. शिक्षणासाठी कोलकात्याच्या विद्यासागर महाविद्यालयात गेल्यावर, विसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे पाटण्याला त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. वडिलांची चालती वकिली समोर होती. व्यापारी घरात ज्याला ‘बसलेली गादी’ म्हणतात, तीच ही. मुलाने येऊन फक्त बसायचे. शरदिंदूंनी मात्र १९२९ च्या सुमारास वकिलीकडे पाठ फिरवली आणि लेखन हाच उद्योग म्हणून पत्करला.

हा निर्णय वाचताना सोपा वाटतो. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच पेढी चालत आली आहे, त्या घरांना त्याचे वजन अधिक कळेल. पेढी सोडणारा मुलगा केवळ उत्पन्न सोडत नाही. तो वडिलांनी वर्षानुवर्षे जोडलेली माणसे, पत आणि विश्वास यांचा वारसाही बाजूला ठेवतो. त्या बदल्यात नव्या क्षेत्रात स्वतःची पत शून्यापासून उभी करण्याची जबाबदारी त्याच्या शिरावर येते. शरदिंदूंनी ती जबाबदारी व्यापाऱ्याच्या शिस्तीने निभावली असे म्हणावे लागेल. कथा, कादंबरी, रहस्यकथा, भयकथा, ऐतिहासिक कथा, बालकथा, पटकथा असा लेखनाचा एकही प्रकार त्यांनी हलका मानला नाही आणि कोणत्याही प्रकारात माल कमी तोलला नाही.

१९३२ मध्ये व्योमकेशने बंगाली वाचकांसमोर पहिले पाऊल ठेवले. त्या काळी रहस्यकथा म्हणजे इंग्रजी मालाची नक्कल, असा समज रूढ होता. शरदिंदूंनी घडविलेला नायक अस्सल देशी होता. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द खपत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. हा केवळ शब्दाचा खेळ नव्हे. गुन्हेगाराला पकडणे आणि सत्य शोधणे या दोन क्रिया एक नव्हेत, याचे भान त्या शब्दात आहे. सत्य हाती आल्यावरही व्योमकेश काही वेळा ते पोलिसांच्या हवाली करण्याआधी थांबतो, शिक्षा कोणाला होईल आणि निरपराधांपैकी कोण भरडले जाईल याचा विचार करतो. एकाच घटनेकडे अनेक बाजूंनी पाहिल्याविना निर्णय देऊ नये, हा संस्कार ज्यांच्या घरी पिढीजात आहे, त्यांना हा नायक परका वाटण्याचे कारण नाही.

या कथांमधील गुन्ह्यांचे मूळ पुष्कळदा पैशात असते. ‘अर्थमनर्थम्’ या कथेचे शीर्षकच संस्कृत सुभाषितासारखे आहे. मृत्युपत्र वारंवार बदलणारा एक धनिक वृद्ध, त्याच्या छत्राखाली राहणारे भाचे-पुतण्यांसारखे आश्रित आणि एका रात्री झालेला त्याचा खून, असा तिचा विषय आहे. इस्टेटीचा शब्द एकदा स्पष्टपणे न दिल्यामुळे घर कसे आतून पोखरते, हे ती कथा एकही उपदेशवाक्य न लिहिता दाखवते. याच कथेत व्योमकेशला सत्यवती भेटते आणि पुढे ती त्याची पत्नी होते. रहस्यकथेच्या नायकाला संसार देणे, त्याला मुलगा देणे, त्याचे वय वाढू देणे, हे त्या काळी नवलाचे होते. त्याचा मित्र व कथाकथनकार अजित याला तर लेखकाने पुस्तक प्रकाशनाच्या धंद्यातही घातले. शेवटच्या काही कथा अजितच्या तोंडून येत नाहीत. धंद्याच्या व्यापातून त्याला सवड मिळत नाही, असे त्याचे कारण आहे. दुकान उघडलेल्या माणसाला फुरसत नसते, हे शरदिंदूंना पक्के ठाऊक होते.

त्यांना स्वतःलाही एका मोठ्या धंद्याचा अनुभव आला होता. १९३८ साली हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी कथा-पटकथा लिहिण्याकरिता ते मुंबईस आले. मालाडच्या त्या स्टुडिओत तेव्हा अनेक बंगाली मंडळी होती. शरदिंदूंच्या कथेवरून ‘भाभी’ हा चित्रपट त्याच वर्षी झाला. पाठोपाठ ‘कंगन’, ‘नवजीवन’ अशा चित्रपटांच्या कथालेखनाशी त्यांचे नाव जोडले गेले. उत्पन्न स्थिर होते, नाव होते, परंतु लेखकाच्या खतावणीत एक बाजू रिकामी राहू लागली. व्योमकेशच्या कथा थांबल्या. मुंगेरला हाती घेतलेली ‘कालेर मंदिरा’ ही गुप्तकाळावरील कादंबरी चित्रपटांच्या धांदलीत मागे पडली आणि कित्येक वर्षांनंतर पुरी झाली. व्योमकेश तर सुमारे पंधरा वर्षे मुकाच राहिला. कोलकात्यातील तरुण वाचक अजूनही त्याची वाट पाहतात असे कळल्यावर, १९५१ च्या सुमारास ‘चित्रचोर’ या कथेने तो पुन्हा बोलू लागला.

आणि मग १९५२ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शरदिंदूंनी दुसऱ्यांदा चालती गादी सोडली. चित्रपटसृष्टीचा व्यवहार आवरता घेऊन ते पुण्यात येऊन राहिले. बंगाली लेखकाने कोलकात्यास परतावे, तेथे प्रकाशक, संपादक, वाचक, मित्र सारे हाताशी आहेत, असा सल्ला कोणीही व्यवहारी माणूस देईल. ते पुण्यात राहिले, आणि पुण्यात बसून बंगालीतच लिहीत राहिले. पुढील अठरा वर्षांत त्यांच्या हातून जे लेखन झाले, ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत भरघोस पीक ठरले. व्योमकेशच्या अनेक प्रगल्भ कथा, ‘गौड मल्लार’, ‘तुमी संध्यार मेघ’, ‘कुमारसंभवेर कवी’ आणि ‘तुंगभद्रार तीरे’ या ऐतिहासिक कादंबऱ्या याच काळातल्या आहेत.

ते पुणे कोणते होते, याची कल्पना करण्यास आजच्या कर्वेनगराइतकी चांगली जागा नाही. आज जेथे इमारतींच्या रांगा, शिकवणीवर्ग आणि दुकानांच्या पाट्या दिसतात, ते तेव्हा हिंगणे बुद्रुक नावाचे गावाबाहेरचे ठिकाण होते. तेथे १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी एक साधी झोपडी उभारून विधवांसाठीचा आश्रम आणला. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची कल्पना साकार झाली, आणि नंतर तिला पंधरा लाख रुपयांच्या देणगीने उभे केले ते मुंबईच्या सर विठ्ठलदास ठाकरसी या गुजराती व्यापाऱ्याने, आणि विद्यापीठाला आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव दिले. कोकणातून आलेला एक गणिताचा प्राध्यापक आणि गुजराती मुळाचा एक गिरणीमालक यांनी मिळून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा पाया घातला. या मातीत बाहेरून आलेल्यांनी किती पेरले आहे, याची साक्ष या परिसराचे नावच देते. शरदिंदू पुण्यात आले तेव्हा अण्णासाहेब कर्वे चौऱ्याण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला. एका टोकाला शंभरी गाठणारा कर्मयोगी, दुसऱ्या टोकाला आपल्या खोलीत बसून विजयनगरचे राज्य कागदावर उभारणारा बंगाली लेखक, आणि मध्ये पानशेतच्या पुराने १९६१ मध्ये हादरलेले, पुन्हा उभे राहिलेले शहर, असे ते पुणे होते.

महाराष्ट्रात राहणाऱ्या या लेखकाने महाराष्ट्राकडे केवळ भाड्याच्या घराच्या खिडकीतून पाहिले नाही. व्योमकेशला त्याने महाबळेश्वरला आणले. ‘शैलरहस्य’ ही कथा महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून व्योमकेशने अजितला लिहिलेल्या पत्राच्या रूपात सुरू होते. हंगाम संपलेला, कडाक्याची थंडी, ओस पडलेले हॉटेल, आणि तर्काखेरीज कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या व्योमकेशला तेथे येणारा भुताचा अनुभव. सह्याद्रीच्या त्या सुन्या थंडीचे वर्णन करणाऱ्याला ती थंडी अंगावर घेतल्याचा अनुभव असला पाहिजे, असे वाचताना वाटत राहते.

‘तुंगभद्रार तीरे’ ही त्यांची १९६५ ची कादंबरी विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाच्या काळातील आहे. तिचा नायक अर्जुनवर्मा हा गुलबर्ग्याहून जीव वाचवून पळालेला तरुण आहे. नदीच्या प्रवाहातून तो एका नव्या राज्यात येतो आणि तेथे आपल्या हुशारीवर व इमानावर जागा मिळवतो. विस्थापित माणसाला आश्रय देणाऱ्या नगराची ही कथा एका अशा लेखकाने लिहिली आहे, जो जौनपूर, मुंगेर, कोलकाता, मुंबई आणि पुणे असा मुक्काम करीत आला होता. या कादंबरीला १९६७ मध्ये पश्चिम बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला. इतिहास त्यांच्यासाठी तारखांची यादी नव्हता. सुरुवातीच्या काळातील ‘जातिस्मर’ या संग्रहात तर त्यांनी एका सामान्य रेल्वे कारकुनाला पूर्वजन्मांची स्मृती देऊन प्राचीन भारत त्याच्या तोंडून सांगितला आहे. जातिस्मरण ज्ञानाच्या कथा ज्यांनी लहानपणापासून व्याख्यानांत ऐकल्या आहेत, त्या वाचकांना ही युक्ती विशेष जवळची वाटेल.

परंतु महाराष्ट्राचे ऋण त्यांनी खऱ्या अर्थाने फेडले ते लहान मुलांसाठी लिहिलेल्या पाच कथांत. ‘सदाशिव’ हा त्या कथांचा नायक आहे. आईबापाविना मामाच्या घरी वाढलेला, घराबाहेर काढला गेलेला एक मराठी पोर शिवाजी महाराजांच्या पायाशी येतो आणि स्वराज्याच्या उभारणीत लहान-लहान पण धोक्याच्या कामगिऱ्या पार पाडतो. आदिकांड, अग्निकांड, दौडादौडीकांड, हैहैकांड आणि घोडाघोडाकांड अशी या कथांची मिस्कील नावे आहेत. बंगाली मुलांच्या तीन-चार पिढ्यांनी सह्याद्री, गड, मावळे ही नावे सर्वप्रथम या सदाशिवाच्या तोंडून ऐकली.

याचे मोल कळण्यासाठी थोडा जुना हिशेब उघडावा लागतो. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. बंगाली माणूस त्या घोडेस्वारांना ‘बर्गी’ म्हणतो. गावे जळाली, पिके गेली, आणि रडणाऱ्या बाळाला बर्गीची भीती घालून निजवण्याची अंगाई घरोघरी रूढ झाली. ती आजही बंगालच्या स्मृतीत आहे. जैन समाजालाही त्या काळाची झळ लागली होती. नागौरहून निघून आधी पाटणा आणि मग मुर्शिदाबादेत स्थिरावलेल्या ओसवाल घराण्याची, ज्यांना बादशहाने ‘जगत्‌सेठ’ हा किताब दिला त्यांची, मुर्शिदाबादची कोठी १७४२ च्या स्वारीत मराठी फौजेने लुटली. म्हणजे ज्या मराठी घोडेस्वाराचे नाव महाराष्ट्रात अभिमानाने घेतले जाते, तेच नाव बंगालच्या खेड्यात आणि जैन सेठाच्या पेढीवर धास्तीने घेतले जात होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इतिहासाची वही एकाच बाजूने वाचली तर ताळेबंद जुळत नाही.

त्या अंगाईवर वाढलेल्या प्रांतातील मुलांच्या हाती एका बंगाली लेखकाने मराठी घोडेस्वार नायक म्हणून दिला. बर्गीची आठवण त्याने पुसली नाही, तिच्याशी वादही घातला नाही. भीतीच्या शेजारी त्याने स्नेहाची आणखी एक नोंद केली, इतकेच. बंगालात शिवाजी महाराजांविषयी आदर नव्हता असे मुळीच नाही. स्वदेशी चळवळीच्या काळात तेथे शिवाजी उत्सव साजरे झाले आणि रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. परंतु तो आदर सभा-समारंभांतला होता. मुलाच्या उशाशी पोचला तो सदाशिव.

या कहाणीला एक उलटी बाजूही आहे, आणि ती मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. सखाराम गणेश देऊस्कर यांचे पूर्वज कोकणातील. त्यांचा जन्म मात्र १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी झाला. हा मराठी घराचा मुलगा बंगालीचा लेखक झाला. ब्रिटिश राजवटीत देशाची आर्थिक लूट कशी होते, हे आकडेवारीसह मांडणारे त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले, हातोहात गेले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मराठी रक्ताच्या सखारामांनी बंगालला त्याच्याच भाषेत जागे केले. बंगाली रक्ताच्या शरदिंदूंनी महाराष्ट्रात बसून महाराष्ट्राची कथा बंगालला सांगितली. एकाने मुलखाची भाषा घेतली, दुसऱ्याने आपली भाषा राखून मुलखाचे मन घेतले. परक्या भूमीचे ऋण फेडण्याच्या या दोन रीती आहेत आणि दोन्ही सन्मानाच्या आहेत.

तिसरी रीत म्हणजे दोन्ही भाषा हातातून सुटू देणे. ती सन्मानाची नाही, पण आज सर्वांत प्रचलित आहे. कर्वेनगरातील एका ओसवाल घरातले उदाहरण पुरेसे आहे. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेल्या पूर्वजाच्या लाल कापडात बांधलेल्या वह्या त्या घरात आजही आहेत. दिवाळीच्या पूजेत त्या बाहेर निघतात, कुंकू-अक्षता होतात आणि पुन्हा कपाटात जातात. त्यांतील महाजनी लिपी घरात कोणालाच वाचता येत नाही. आजोबा मारवाडी बोलतात आणि मराठी वर्तमानपत्र वाचतात. वडील दोन्ही बोलतात, पण लिहिण्याची वेळ आली की अडतात. नातू शाळेच्या इंग्रजीत सगळे निभावतो. एकदा त्याने विचारले, “दादाजी, या वह्यांत एवढे काय लिहिले आहे?” आजोबांना उत्तर देता आले नाही. उधारी-वसुलीचे आकडे असतील, कोणाच्या लग्नाचा खर्च असेल, दुष्काळात गावाला दिलेल्या धान्याची नोंदही असेल. घराची मिळकत शिल्लक होती, घराची हकीकत मात्र बंद वहीत अडकली होती.

त्या घरात पुढे जे झाले ते साधेच आहे. आजोबांनी नातवाला व्योमकेशच्या कथांचा मराठी अनुवाद आणून दिला आणि लेखक पुण्यातच राहत होता असे सांगितले. मुलाला प्रथम खरे वाटले नाही. मग दोघांनी रोज रात्री काही पाने मोठ्याने वाचायची असे ठरले. मराठी वाचताना नातू अडखळला की आजोबा सावरत, आणि एखादा शब्द मारवाडीत कसा म्हणतात ते सांगत. व्योमकेश अर्धाअधिक वाचून होईपर्यंत मुलगा महाजनी लिपीची अक्षरे शिकवणारे कोणी भेटेल का, अशी चौकशी करू लागला होता. वहीतले रहस्य त्याला आता स्वतः सोडवायचे होते.

शरदिंदूंचे २२ सप्टेंबर १९७० रोजी निधन झाले. बत्तीस पूर्ण व्योमकेश-कथा त्यांनी मागे ठेवल्या. तेहतिसावी, ‘विशुपाल वध’, अर्धी राहिली. पुढे नारायण सान्याल यांनी ती पुरी केली. अखेरच्या दिवसांपर्यंत लेखणी चालू होती, असा त्या अपुऱ्या कथेचा अर्थ. दोन वेळा चालती गादी सोडणाऱ्या या माणसाने तिसरी, म्हणजे भाषेची गादी, मात्र कधी सोडली नाही. तिच्यावर तो जौनपूरपासून पुण्यापर्यंत कोणत्याही गावी बसू शकला, कारण ती गादी त्याच्यासोबत प्रवास करीत होती.

स्थलांतर हे व्यापारी समाजाच्या नशिबीच लिहिलेले असते. ज्या गावाने दुकान थाटू दिले, त्या गावाला पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाना बांधून देणे ही आपल्या वाडवडिलांची रीत होती, आणि ती आजही चालू आहे. शरदिंदूंच्या आयुष्याकडे पाहिले की त्या यादीत आणखी एक बाब जोडाविशी वाटते. गावाची कथा समजून घ्यावी, ती आपल्या मुलांना आपल्या भाषेत सांगावी, आणि आपली कथा गावाच्या भाषेत गावाला सांगावी. त्याला भांडवल लागत नाही. रोज रात्रीची थोडी पाने आणि समोर बसलेले एक मूल एवढे पुरते.